हायड्राला रक्त नाही, मग रक्तवाहिन्यांचा निरोप कशाला?

दहावीच्या विज्ञानात मुकुलायन शिकताना हायड्राची आकृती तुम्ही सगळ्यांनी काढली आहे. नळीसारखं शरीर, वर तोंडाभोवती शुंडके आणि बाजूला वाढणारा एक छोटा मुकुल. परीक्षेत आकृती आली की मार्क पक्के! आज याच हायड्राचा हात धरून आपण थोडं पुस्तकाच्या बाहेर जाणार आहोत. पाठ पेशींच्या निरोपांचा आहे. शेवटी मात्र तो एका अशा गोष्टीपाशी पोचेल की जी घरातल्या मोठ्यांनीही वाचावी असं मला वाटतं. तेव्हा शेवटचा भाग आई-आजीला वाचून दाखवा.

प्रश्न कसा निघाला

पावसाळा सरल्यावर आमच्या पावसमध्ये मळ्यांच्या कडेला, जुन्या तळ्यांत पाणी साचून राहतं. त्यातली पाणवनस्पती काचेच्या बरणीत घेऊन आम्ही वर्गाच्या खिडकीत ठेवली होती. चार-पाच दिवसांनी काचेला आतून बारीक धाग्यांसारखे काही चिकटलेले दिसले. भिंगातून पाहिल्यावर सगळा वर्ग ओरडला, "बाई, हायड्रा!" जेमतेम अर्धा सेंटीमीटर. बोट लावलं की आखडून ठिपका होणारा.

बोलता बोलता मी सांगितलं, की आपल्या शरीरात रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन आहे आणि तसंच प्रथिन हायड्रातही सापडलंय. तर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, हायड्राला हृदय नाही, रक्त नाही, रक्तवाहिन्या पण नाहीत. मग ते प्रथिन त्याच्यात कशाला?"

प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हा पाठ.

निरोप आणि ग्राही

आपलं शरीर कोट्यवधी पेशींचं बनलेलं आहे. या पेशी एकमेकींशी 'बोलल्या' नाहीत, तर कोणी वाढायचं, कोणी थांबायचं, कोणी स्नायू व्हायचं आणि कोणी चेता हे ठरणारच नाही. हे बोलणं मुख्यतः रेणूंच्या मार्फत चालतं. एक पेशी एक प्रथिन बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर ते नेमकं पकडणारं दुसरं प्रथिन असतं. सोडलेल्या प्रथिनाला आपण निरोप-प्रथिन म्हणू (शास्त्रीय भाषेत लिगँड). पकडणाऱ्याला म्हणतात ग्राही.

ग्राही पेशीच्या प्रद्रव्यपटलात आरपार बसलेला असतो. त्याचा एक भाग बाहेर, एक आत. दाराच्या बेलसारखंच समजा. बटण बाहेर असतं, पण आवाज घरात होतो. निरोप-प्रथिन स्वतः पेशीत शिरत नाही. ते बाहेरच्या भागाला चिकटतं, त्यामुळे बहुतेक वेळा दोन ग्राही जवळ येऊन त्यांची जोडी जमते. मग आतल्या भागांवर फॉस्फेटचे गट जोडले जातात आणि तिथून पुढे एकातून एक अशा क्रिया होत निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. केंद्रकात काही जनुकं चालू होतात, काही बंद.

अशा प्रथिनांपैकी दोन आज लक्षात ठेवा:

१. व्हीईजीएफ – रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढायला सांगणारा घटक. १९८९ मध्ये गाईच्या पीयूषिका ग्रंथीच्या पेशींपासून तो वेगळा केला गेला आणि त्याच्या तिथल्या कामावरून नाव पडलं.

२. एफजीएफ – तंतुपेशींना वाढवणारा घटक. नाव तंतुपेशींचं असलं तरी याची कामं कितीतरी आहेत. हात-पाय, फुप्फुसं, मेंदू यांची घडण त्याच्यावर अवलंबून आहे.

इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या. नाव हे आपल्याला ते प्रथिन प्रथम कुठे भेटलं त्यावरून पडतं. प्रथिन मात्र नावापेक्षा फार जुनं असतं.

जपलेपण म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. दोन प्राण्यांतल्या माळा एकाखाली एक मांडून कुठले मणी सारखे आहेत ते पाहता येतं. कोट्यवधी वर्षं उलटूनही जे मणी बदलले नाहीत, ते 'जपले गेले' असं म्हणतात. यालाच संवर्धन असाही शब्द आहे, पण वन्यजीव संवर्धनाशी गोंधळ नको म्हणून आपण 'जपलेपण' म्हणू.

व्हीईजीएफच्या कुटुंबात आठ जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल ठरलेलं असतं. या सिस्टीनांमध्ये गंधकाचे बंध तयार होतात आणि माळेला एक घट्ट गाठ बसते. बाकीचे मणी बरेच बदलतात, पण ही गाठ टिकते. का? गाठ सुटली तर प्रथिनाचा आकार जातो आणि आकार गेला तर ग्राही त्याला ओळखत नाही.

जपलेपणाचं आणखी एक कारण आहे. निरोप आणि ग्राही ही जोडी आहे. किल्ली बदलली तर कुलूपही त्याच वेळी, त्याच मापाने बदलायला हवं. असा दुहेरी बदल एकदम जुळून येणं कठीण. शिवाय एकच किल्ली शरीरात दहा दारांना चालत असते. एका दारासाठी ती घासली, तर बाकीची नऊ अडतात.

याचा एक पुरावा आपल्याकडच्या शेळ्यांमध्येच मिळतो. शेळ्या-मेंढ्यांना मावा होतो, म्हणजे ओठांवर आणि तोंडाभोवती फोड व खपल्या येतात. हा रोग ज्या विषाणूने होतो त्याच्याजवळ स्वतःचं व्हीईजीएफसारखं प्रथिन आहे! विषाणूला रक्तवाहिन्या असण्याचा प्रश्नच नाही. पण ते प्रथिन सोडून तो शेळीच्या कातडीतल्या ग्राहींना फसवतो आणि फोडाच्या जागी नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेतो. बनावट किल्ली चालते, कारण कुलूप जुनंच आहे.

आता आकडे पाहू. माणसात एफजीएफ कुटुंबाची २२ प्रथिनं आहेत. फळमाशीत ३ आणि सीलेगन्स नावाच्या छोट्या गोलकृमीत फक्त २. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पूर्वजांत जनुकांच्या प्रती वाढत गेल्या. जास्तीच्या प्रतींना नवी कामं मिळाली, पण मूळ गाभा तोच राहिला. एका घराण्याचे भाऊ वेगवेगळ्या गावांत स्थायिक झाले, आडनाव मात्र एकच, तसं.

तेच प्रथिन, पण कुठे आणि केव्हा?

आता पाठाचा मुख्य मुद्दा.

शाळेची घंटा एकच असते. सकाळी वाजली की प्रार्थना, दुपारी वाजली की डबा, संध्याकाळी वाजली की दप्तर उचलून पळायचं! आवाज तोच, अर्थ ठरतो वेळेवर. आणि घंटा शाळेत वाजली तर मुलं धावतात, देवळात वाजली तर हात जोडतात. म्हणजे अर्थ जागेवरही ठरतो.

निरोप-प्रथिनांचं असंच असतं. गर्भाची वाढ होताना कोणतं जनुक कोणत्या पेशींत, कोणत्या दिवशी चालू होतं याला त्या जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. ती पाहण्याची एक सुंदर पद्धत आहे. जनुक चालू झालं की त्याचा निरोप्या आरएनए पेशीत तयार होतो. त्याला बरोबर जुळणारा, खूण लावलेला धागा प्रयोगशाळेत बनवतात आणि गर्भ किंवा अख्खा हायड्रा त्यात बुडवतात. मग रंग आणणारी क्रिया केली की जिथे जनुक चालू आहे तिथेच गडद निळा-जांभळा रंग येतो. जनुक कुठे 'बोलतं' आहे ते डोळ्यांना दिसतं.

तीन प्रयोग पाहा:

• कोंबडीचा गर्भ. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी एफजीएफमध्ये भिजवलेला बारीक मणी कोंबडीच्या गर्भाच्या कुशीत, पंख आणि पाय यांच्या मधल्या जागेत ठेवला. तिथे एरवी काहीच उगवत नाही. पण त्या जागी एक जास्तीचा अवयव वाढू लागला! नेहमीचंच प्रथिन नव्या जागी पोचलं आणि शरीराचा आराखडा बदलला.

• फळमाशी. माशीच्या अळीत हवा श्वासनलिकांच्या फांद्यांतून पेशींपर्यंत पोचते. ज्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो त्या एक एफजीएफ सोडतात आणि नलिकेची फांदी त्या दिशेने वाढत येते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

• उंदीर. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. व्हीईजीएफची दोन्हींपैकी फक्त एक प्रत काढली तरी उंदराचा गर्भ रक्तवाहिन्या नीट न बनल्यामुळे पोटातच मरतो, असं १९९६ मध्ये दिसलं. म्हणजे जागा आणि वेळ यांच्याबरोबर प्रमाणही तंतोतंत हवं.

पुण्यातला हायड्रा

आता वळू त्या मुलीच्या प्रश्नाकडे. यावरचं काम आपल्या महाराष्ट्रातच झालं आहे, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत. ज्यांच्या नावाची ही संस्था, ते शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ साली मालवणात जन्मले, म्हणजे आपल्या कोकणचेच. ते वनस्पतिशास्त्रज्ञ. पण तरुणपणी सह्याद्रीत फिरताना त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोपर्यंत तसा प्राणी फक्त आफ्रिकेतच माहीत होता. १९१२ मध्ये 'नेचर'मध्ये त्याची माहिती छापून आली. जेलीफिश आणि हायड्रा एकाच संघातले, निडारियातले. पुढे आघारकरांच्याच नावाच्या संस्थेत हायड्रावर काम व्हावं, हा योगायोग मला फार आवडतो.

डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे हायड्राचा सखोल अभ्यास केला. पुण्यात मिळालेल्या हायड्राची शास्त्रीय ओळखही त्यांनी पटवली. आज जगभरच्या शोधनिबंधांत तो 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' या नावाने ओळखला जातो.

२०१० मध्ये या गटाने जपानी शास्त्रज्ञांबरोबर एक प्रयोग केला. नॉगिन नावाचं एक प्रथिन असतं. ते स्वतः ग्राहीला चिकटत नाही. दुसऱ्याच एका निरोप-प्रथिनाला वाटेतच पकडून ठेवतं, म्हणजे निरोप अडवण्याचं काम करतं. हायड्राच्या नॉगिनचा निरोप्या आरएनए त्यांनी बेडकाच्या गर्भात सोडला, तर बेडकाच्या गर्भात शरीराचा दुसरा अक्ष तयार होऊ लागला. हायड्रा आणि बेडूक यांचे पूर्वज सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी वेगळे झाले. तरी एकाची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता आली!

२०१३ मध्ये याच गटाने हायड्रातली व्हीईजीएफ आणि एफजीएफ ओळखली. पुढच्या कामात त्यांचे ग्राहीही सापडले. हायड्राचं डोकं कापलं तर ते दोन-तीन दिवसांत पुन्हा येतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण औषध घालून हे ग्राही बंद केले तर डोकं परत येण्याच्या कामात अडथळा येतो, असं त्यांना दिसलं.

मग उत्तर काय? रक्तवाहिन्या नंतर आल्या, निरोप आधी होता. हायड्राच्या शरीरात या प्रथिनांना पेशींची मांडणी आणि पुन्हा वाढ यांची कामं आहेत. पुढे रक्ताभिसरण असलेले प्राणी उत्क्रांत झाले तेव्हा निसर्गाने नवा निरोप घडवला नाही. घरात होता तोच नव्या जागी, नव्या वेळी वापरला. व्हीईजीएफ हे नाव आपण उशिरा, गाईत पाहून ठेवलं, म्हणून आपल्याला हायड्रातलं प्रथिन कोडं वाटतं. हायड्राला विचारलं असतं, तर त्याने वेगळंच नाव सांगितलं असतं.

आता आजीला वाचून दाखवा

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तीच काही दिवसांनी शाळा सुटल्यावर थांबली. तिची मोठी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ सातव्या महिन्यातच झालं, वजन दीड किलोच्या आत. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवून मग घरी सोडलं होतं. घरी जाताना कागदावर लिहून दिलं होतं: तीस दिवसांच्या आत डोळ्यांची तपासणी करा. आजीचं म्हणणं, "सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाय. आणि पोर तर टुकूटुकू बघतंय, डोळ्याला काय झालंय?"

मुलीने मला विचारलं, "बाई, आजीला कसं सांगू?"

मी तिला जे सांगितलं ते असं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रक्तवाहिन्या सुरुवातीपासून नसतात. गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यात त्या मध्यभागातून निघतात आणि कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. त्यांना वाट कोण दाखवतं? पुढच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, त्या व्हीईजीएफ सोडतात आणि रक्तवाहिनी त्या दिशेने वाढत येते. फळमाशी आठवली ना? पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं कसं, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

बाळ लवकर जन्मलं, की हे काम अर्ध्यावर असतं. पोटातल्यापेक्षा बाहेर ऑक्सिजन जास्त. पेशींना वाटतं, सगळं ठीक आहे. व्हीईजीएफ कमी होतं आणि वाहिन्यांची वाढ थांबते. काही आठवड्यांनी दृष्टिपटल वाढतं, त्याची भूक वाढते, पण वाहिन्या तर तिथे पोचलेल्या नसतात. मग पेशी एकदम खूप व्हीईजीएफ सोडतात. वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात, पडद्याला ओढतात. वेळेत लक्ष दिलं नाही, तर पडदा सुटून बाळाची दृष्टी कायमची जाऊ शकते. या आजाराला अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा दृष्टिपटलविकार म्हणतात. डॉक्टर थोडक्यात आरओपी म्हणतात.

प्रथिन तेच, ग्राही तोच. चुकली फक्त वेळ. घंटा आधी वाजलीच नाही आणि मग अवेळी जोरजोरात वाजली.

आणि हे बाहेरून दिसत नाही. बाळ छान बघत असतं, हसत असतं. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टरांनी आतला पडदा पाहावाच लागतो. आपल्या देशात २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करायला सांगतात. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. विकार वेळेत सापडला तर लेझरने उपचार होतात किंवा व्हीईजीएफला पकडून ठेवणारं औषध डोळ्यात टोचतात. म्हणजे नॉगिनसारखंच काम, निरोप वाटेत अडवायचा! मधुमेहाने पडदा खराब झालेल्या मोठ्या माणसांनाही याच प्रकारची इंजेक्शनं देतात.

सव्वा महिन्याची प्रथा वाईट हेतूने आलेली नाही. बाळ-बाळंतिणीला विश्रांती मिळावी, बाहेरच्या रोगांपासून जपलं जावं, हाच तिचा अर्थ. पण सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस आणि या बाळांसाठी मर्यादा तीस दिवसांची. मी मुलीला म्हटलं, "आजीला सांग, प्रथा मोडायची नाही. बाळाला नीट गुंडाळून, गाडीने तपासणीला नेऊन परत आणायचं. जपायचंच आहे, तर डोळेही जपायचे."

आजीने ऐकलं. सव्विसाव्या दिवशी तपासणी झाली. वाहिन्या अजून कडेपर्यंत पोचल्या नव्हत्या, म्हणून दर पंधरवड्याला पुन्हा बोलावलं. तीन फेऱ्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं, वाढ पूर्ण झाली, उपचार लागले नाहीत. मुलगी वर्गात आली आणि म्हणाली, "बाई, आजी म्हणते, त्या तुमच्या किड्याला नमस्कार सांग." हायड्रा किडा नाही, हे मी तेवढ्यापुरतं सोडून दिलं.

थोडक्यात

• निरोप-प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटतं आणि निरोप आत पोचतो.
• ही जोडी कोट्यवधी वर्षं जपली गेली आहे, कारण किल्ली आणि कुलूप एकदम बदलणं कठीण.
• उत्क्रांतीत बहुधा प्रथिनाचा गाभा टिकतो. ते कुठे, केव्हा आणि किती तयार होतं हे बदलतं, त्यातून नवे अवयव घडतात.
• वेळ चुकली तर योग्य प्रथिनही अपाय करतं.

स्वाध्याय

१. 'किल्ली एकच, दारं अनेक' हे उदाहरण प्रथिनांच्या जपलेपणाला कसं लागू पडतं ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. फळमाशीची श्वासनलिका आणि बाळाच्या दृष्टिपटलातली रक्तवाहिनी यांच्या वाढीत कोणतं साम्य आहे? फरक कोणता?
३. माव्याच्या विषाणूला व्हीईजीएफसारख्या प्रथिनाचा उपयोग काय?
४. तळ्यातली पाणवनस्पती बरणीत ठेवून हायड्रा शोधा. पाहून झाल्यावर तो त्याच पाण्यात परत सोडा.
५. तुमच्या घरी किंवा वाडीत अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल, तर डोळे तपासले का ते विचारा. या प्रश्नाला मार्क नाहीत, पण सगळ्यांत आधी हाच सोडवा.